डोंगरमाथ्यावरचे पाणी

माथेरान हे नाव मोठे बोलके आहे. माथ्यावरचे रान ते माथेरान. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून जरा अलग पडलेले हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० साली हे ठिकाण शोधून काढले, असे पुस्तकांतून लिहिलेले असते. धनगर, ठाकर आणि कातकरी त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटा चढत होतेच. साहेबांना वाट दाखवणारा त्यांच्यापैकीच कोणीतरी असणार. पण त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

१९७३ सालच्या मे महिन्यात आम्ही तेथे आठ दिवस राहिलो. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. वडील मुंबईत पोस्टात कारकून होते. त्यांच्या एका स्नेह्यांनी माथेरानातील आपल्या जुन्या घराच्या दोन खोल्या आम्हांला दिल्या होत्या. त्या वर्षी सांगोले तालुक्यातील आमची आत्या आणि माझ्याहून एका वर्षाने लहान असलेला आतेभाऊ हेही आमच्याबरोबर होते. १९७२ चा पाऊस दगा देऊन गेला होता. देशावर विहिरी आटल्या, गुरे विकली गेली. परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन माणसे दिवस काढीत होती. वडिलांनी आत्याला बोलावून घेतले, ते हवा खाण्यासाठी नव्हे. मुलाला आपल्यापाशी ठेवून घ्यावे, असे त्यांच्या मनात होते. आम्हां मुलांना अर्थात याचा पत्ता नव्हता.

नेरळहून निघणारी छोटी आगगाडी १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ती बांधविली. जेमतेम दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ती सुमारे २१ किलोमीटर वळणे घेत घेत वर चढते. मला तिचे अपार कौतुक, परंतु आतेभाऊ म्हणाला, “आमच्याकडंबी असली बारकी गाडी हाय. पर ती सरळ जाती.” ते खरेच होते. कुर्डुवाडीहून मिरजेला जाणारी अरुंद रुळांची गाडी त्या काळी सांगोल्यावरून जात असे.

वर पोहोचल्यावर तांबड्या मातीने आमचे पाय गुडघ्यापर्यंत रंगले. मोटारींना तेथे मज्जाव असल्यामुळे सगळीकडे पायीच हिंडायचे. जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या सावलीतून आम्ही तिसऱ्या दिवशी शार्लट तलावावर गेलो. काठाशी पिसारनाथाचे देऊळ आहे. मे महिना असल्यामुळे पाणी खाली गेले होते आणि कडेची ओली माती उघडी पडली होती. तरीही ते पाणी होते. निळसर, निवांत, झाडांची प्रतिबिंबे पोटात घेतलेले. मी सदरा काढू लागलो, तोच वडिलांनी पाटीकडे बोट दाखविले. पोहण्यास आणि कपडे धुण्यास मनाई होती. या तळ्यात नावाही चालत नाहीत, कारण ते माथेरानचे पिण्याचे पाणी आहे.

माथेरानावर पाऊस धो धो कोसळतो, मग तेथे पाण्याची वाण का असावी? वडिलांनी ते आम्हांला तेथेच समजावून सांगितले. पठाराचा माथा जांभ्या दगडाचा आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या काळ्या कातळापाशी अडते आणि कड्यांच्या पोटातून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडून दरीत निघून जाते. उरलेले पाणी उतारावरून धावते. चार महिने धबधबे आणि उन्हाळ्यात टंचाई, अशी ही तऱ्हा. म्हणून भिंत घालून हे तळे करावे लागले. आता नेरळच्या बाजूने नदीचे पाणीही यंत्रांनी वर चढवितात. परंतु तळ्याचे मोल त्यामुळे कमी झालेले नाही.

आत्या हे ऐकत नव्हती. ती त्या भिंतीजवळ जाऊन उभी राहिली होती. तिने दगडावरून हात फिरविला आणि विचारले, “हितली माती कुणी वाहिली असंल रं?”

“जुनं काम आहे, आक्का. आता कोण सांगणार?” वडील म्हणाले.

“निम्म्या बायाच असत्याल. पाटी बायांच्याच डोईवर असती.”

तिला ते ठाऊक असणारच. गावाजवळच्या पाझर तलावावर ती पाच महिने माती वाहत होती. त्या दुष्काळात असे तलाव गावोगाव खोदले गेले. त्यांत साठलेले पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरते. जे मुरणे माथेरानला नडत होते, तेच आत्याच्या गावाला हवे होते! मला त्या वयात या गोष्टीची मोठी गंमत वाटली. आत्याला त्यात गमतीचे काही दिसले नाही.

“आपलं तळं भरंल का गं?” आतेभावाने विचारले.

“पाऊस पडला तर भरंल.”

त्याच वेळी वडिलांनी विषय काढला. जूनपासून याला मुंबईच्या शाळेत घालू, असे ते म्हणाले. आत्या बराच वेळ बोलली नाही. मग तिने नुसती मान हलविली. आतेभावाने एकदा तिच्याकडे आणि एकदा पाण्याकडे पाहिले. तो रडला नाही, की काही बोललाही नाही. खाली बसून बोटाने ओल्या मातीत एक लांब रेघ ओढीत राहिला. ती भिंत असावी, कारण नंतर त्याने तिच्या एका बाजूला ओंजळभर पाणी ओतले.

उरलेले दिवस भराभर गेले. आत्याने घरात तांदूळ धुतलेले पाणीसुद्धा कधी फेकून दिले नाही. ते ती अंगणातील जास्वंदीला घाली. परतताना ती कर्जतहून सोलापूरच्या गाडीत बसली आणि तो आमच्याबरोबर मुंबईला आला. शाळेत त्याचे नाव घातले. गणितात तो माझ्याहून हुशार निघाला.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. सप्टेंबरात एक पोस्टकार्ड आले. आत्याला लिहिता येत नसे. अक्षर गावच्या मास्तरांचे होते. तळ्यात पाणी आले आणि भिंत टिकली, एवढाच मजकूर होता. आतेभावाने ते दोनदा वाचले आणि म्हणाला, “पाणी किती, ते लिहिलंच न्हाई.”

दिवाळीच्या सुटीत तो पाणी पाहायला म्हणून गावी गेला, तो परत आला नाही. पुढे वडिलांनी त्याचा शाळा सोडल्याचा दाखला टपालाने पाठवून दिला.