घोडनदीच्या काठी

पुण्याहून नगरच्या वाटेने निघून कोरेगावापाशी भीमा ओलांडली आणि दोन प्रहरी शिरूरास पोहोचलो. नदीच्या नावावरून लोक या गावास घोडनदीच म्हणतात. येथे कंपनी सरकारची छावणी असे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री स्टाँटन सुमारे ८०० शिपायांनिशी येथूनच निघाला, व दुसरे दिवशी कोरेगावची लढाई झाली. १८०९ त येथे वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्यास लोक सत्पुरुष मानून नवस करीत, हेही एक नवलच!

परंतु आमचे मन गुंतले ते दुसऱ्याच गोऱ्यांत. १८४० नंतरच्या दशकात बोस्टनच्या मंडळाचे अमेरिकन मिशनरी येथे येऊन राहिले. धर्माचा वाद बाजूस ठेवू. पण त्यांच्या पंथात बिशप नाही, प्रत्येक मंडळी आपला उपदेशक आपणच निवडते. हीच रीत इंग्लंड सोडून गेलेल्या लोकांनी मॅसॅच्युसेट्सात नेली, व रस्ता, शाळा, कर यांचा निकालही ते ग्रामसभेत बसून लावीत. व्हर्जिनियात तर १६१९ तच प्रतिनिधिसभा भरली होती. म्हणूनच १७६५ त पार्लमेंटाने मुद्रांकाचा कर बसविताच त्यांनी इंग्रजांच्याच १२१५ व १६८९ च्या सनदा पुढे केल्या: आमच्या प्रतिनिधींच्या संमतीवाचून कर नाही!

"मग त्या सनदा इकडे का नाही आल्या?" बरोबरच्या चिरंजीवांनी विचारले. तिकडे गेले ते घर करावयास. हक्क गाठोड्यात बांधून गेले. इकडे आले ते कंपनीचे चाकर. १७८१ त यॉर्कटाऊनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस पाचच वर्षांनी हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल होऊन आला, हे ऐकून चिरंजीव जे हसू लागले, ते नदी ओलांडीपर्यंत हसतच होते.