नोकरी बदलावी की पुन्हा शिकावे?

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी रुग्णसेवेसाठी एखादी ताई किंवा मावशी येत असेल. औषधाच्या वेळा, अंघोळ, जेवण, रात्रीचे उठणे, सारे तिच्या हाती असते. तिलाही स्वतःचे भविष्य आहे, हे आपल्या ध्यानात किती वेळा येते? मी पंचवीसहून अधिक वर्षे पुण्यात व्यवसाय करीत आहे; तरी माझ्या ध्यानात ते उशिराच आले.

नारायण पेठेतील एक आजोबा माझे जुने रुग्ण. वय ब्याऐंशी, डाव्या अंगावरून वारे गेलेले. तीन वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या पाठीवर एकही जखम नाही, याचे श्रेय माझ्या औषधांना नाही. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवणाऱ्या, घास भरवण्यापूर्वी पाठीशी उशा लावून ताठ बसवणाऱ्या ताईंना आहे. एकदा घरभेट आटोपून निघालो, तेव्हा त्या जिन्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, एका रुग्णालयात वॉर्डात जागा आहे. इथल्यापेक्षा चार हजार जास्त देतात. पण मनात येते, राहिलेली बारावी करावी आणि नर्सिंगला जावे. वय एकतीस आहे. काय करू?"

मी चटकन उत्तरलो, "आजोबांना तुमची सवय झाली आहे. सध्या आहात तिथेच राहा."

घरी येताना ते उत्तर मला बोचू लागले. त्यांनी दोन मार्गांविषयी विचारले होते. मी तिसराच सुचवला, आणि तो माझ्या सोयीचा होता. माझा रुग्ण सुस्थितीत राहावा म्हणून मी एका स्त्रीला तिच्या जागी थांबायला सांगितले होते.

याची खंत अधिक वाटली, कारण सत्तेचाळिसाव्या वर्षी मीही याच वळणावर उभा होतो. एका कारखान्यात वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा समोर होती: ठरावीक वेतन, रविवारची सुटी. दुसरीकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची वृद्धरोगचिकित्सेची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका. मी पदविका निवडली. दवाखाना काही दिवस बंद ठेवावा लागे, त्यामुळे उत्पन्न घटले. वाचलेले पान दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावे लागे. पण त्यानंतर, तोल जातो म्हणून आलेल्या वृद्धांना नवी गोळी लिहून देण्याआधी मी त्यांच्या साऱ्या गोळ्या टेबलावर मांडायला सांगू लागलो. तोल जाण्याचे कारण पुष्कळदा त्या ढिगातच, झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीत सापडते. नोकरी बदलली असती तर माझी खुर्ची बदलली असती; शिकल्यामुळे माझी नजर बदलली.

म्हणून सर्वांनी शिकावेच, असे मात्र मी म्हणणार नाही. पुढच्या भेटीत मी ताईंची क्षमा मागितली आणि काही प्रश्न विचारले. नव्या ठिकाणी काम वेगळे आहे की तेच, केवळ पैसे अधिक? आपण अडतो आहोत ते अनुभवामुळे की प्रमाणपत्रामुळे? डोक्यावर कर्ज आहे का? कर्जाचा हप्ता थकत असेल, तर आधी नोकरी आणि अभ्यास सवडीने, हेच शहाणपण. शेवटचा प्रश्न वैद्याचा: झोप किती मिळते? रात्रपाळी करून दिवसा अभ्यास करणाऱ्याचे शरीर आधी थकते आणि मग मन.

ताईंचे उत्तर स्पष्ट होते. वॉर्डातही काम तेच राहणार होते, आणि प्रमाणपत्रावाचून परिचारिकेची जागा मिळणार नव्हती. त्यासाठी एएनएमची दोन किंवा जीएनएमची तीन वर्षे. दोन्हींना बारावी हवी. वयोमर्यादा आणि शुल्क प्रवेशापूर्वी नीट पाहून घ्यावे. एवढा काळ देणे शक्य नसेल, तर जनरल ड्युटी असिस्टंटसारखे काही महिन्यांचे अभ्यासक्रमही आहेत. बारावीसाठी राज्य मंडळाचा १७ क्रमांकाचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा देता येते, आणि पुण्यात रात्रशाळांची परंपराही जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी श्रमिकांसाठी रात्रशाळा काढली ती १८५५ साली. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभे राहिले. वय वाढलेल्या, संसार असलेल्या वा विधवा स्त्रियांना तिथे पुन्हा पाटी हाती घेता आली. ससून रुग्णालयाच्या सहकार्याने परिचारिकांचे शिक्षणही मिळाले. ज्या शहरात हे शंभर वर्षांपूर्वी घडले, तिथे एकतिसावे वर्ष उशिराचे कसे मानावे?

अडचण वेळेची होती, आणि वेळ त्या कुटुंबाच्या हाती होता. सूनबाई आधी कचरल्या. "शिकून त्या जातील. मग बाबांचे कोण करणार?" त्यांची भीती खरी होती, मीही ती खोटी ठरवली नाही. तोडगा आजोबांनीच काढला. "पाचला सोडा तिला. संध्याकाळी मुलगा वळवील मला कुशीवर." मुलाला ताईंनीच ते शिकवले. टपाल खात्यात आयुष्य गेलेले आजोबा दुपारी ताईंकडून इंग्रजी वाचून घेऊ लागले. उजवा हात शाबूत होता, चुकलेल्या शब्दांखाली ते पेन्सिलीने रेघ ओढत. जो दिवस पूर्वी सरता सरत नसे, त्यात त्यांना एक काम मिळाले.

ताईंनी फेब्रुवारीत परीक्षा दिली. निकाल लागायचा आहे. इंग्रजीची धाकधूक आहे. उत्तीर्ण झाल्या, तर काही महिन्यांनी त्या घराला दुसरी ताई शोधावी लागेल. नवी व्यक्ती किमान दोन आठवडे जुनीच्या सोबत राहावी, आजोबांच्या सवयी एका वहीत लिहून ठेवाव्यात, असे मी सांगितले आहे. वही ताईंनी सुरूही केली आहे. आजोबा यावर फारसे बोलत नाहीत.

वाचकहो, आपल्याकडेही कोणी हा प्रश्न घेऊन आले, तर उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबा. आपण तिच्या हिताचे सांगतो आहोत की आपल्या सोयीचे, एवढे स्वतःला विचारा. आणि जमले, तर संध्याकाळचे दोन तास तिला द्या.