काळी साडी नेसून डोहाळजेवण?

आमच्या आईचा तरुणपणचा एकच रंगीत फोटो आहे. १९७४ साली कोल्हापूरच्या स्टुडिओत काढलेला, डोहाळजेवणाचा. अंगभर फुलांचे दागिने, हिरवी साडी. त्या फोटोत मीही आहे, पण पोटात!

पन्नास वर्षांत फोटो तांबूस झाला. त्या काळच्या रंगीत फोटोंतला निळसर रंग बहुधा आधी उडतो आणि लाली मागे उरते. आईच्या पंचाहत्तरीला तो नवा करून द्यायचा, असं मी इथे लेस्टरमध्ये बसून ठरवलं. फोटो स्कॅन केला, लॅपटॉपवर रात्री जागून रंग सुधारले, प्रिंट काढून पाठवली. आईचा फोन आला, "अगं, काळी साडी नेसून कुणी डोहाळजेवण करतं का?"

माझ्या पडद्यावर तर साडी छान हिरवी होती! मंडळातल्या एका फोटोवेड्या काकांनी घरी येऊन लॅपटॉपचा पडदा नुसता मागेपुढे कलता केला. साडी कधी फिकी, कधी काळपट! "यातला खरा रंग कोणता?" त्यांनी विचारलं. मी गप्प.

मग मॉनिटरची खरेदी निघाली. "टीव्ही आहे की घरात," आमच्या ह्यांचं म्हणणं. पण काकांनी तीन गोष्टी पाठ करून घेतल्या. पडदा आयपीएस जातीचा हवा, म्हणजे बाजूनं पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. एसआरजीबी ही रंगांची पट्टी त्यानं जवळजवळ पूर्ण दाखवावी. अडोबी आरजीबीत हिरव्या छटा जास्त असतात, पण बहुतेक छपाईवाले एसआरजीबीच मागतात, तेव्हा त्यासाठी जादा पैसे नकोत. आणि उरलेल्या पैशांत रंग मोजायचं यंत्र, कॅलिब्रेटर, घ्यावं. मी चोवीस इंची घेतला.

यंत्र लावल्यावर पहिली चूक कळली. पडदा फार झगझगीत होता. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागद मात्र खोलीतल्या उजेडावर जगतो. झगझगीत पडद्यावर पाहून आपण फोटो गडद करत जातो आणि प्रिंट काळवंडते. उजेड शंभर कँडेलाच्या आसपास आणला. प्रिंटही दिव्याखाली न बघता खिडकीशी धरून बघायची सवय लावली. नोव्हेंबरात चारलाच अंधारतं, म्हणून हे काम शनिवार-रविवारी दुपारी.

पण खरी अडचण पुढेच होती. मॉनिटर आता खोटं बोलत नव्हता, पण साडीचा मूळ हिरवा त्याला तरी कुठे ठाऊक? फोटोतून तो कधीच उडाला होता. उरला होता फक्त आईच्या डोळ्यांत. शेवटी तीन वेगवेगळ्या हिरव्यांच्या तीन छोट्या प्रिंट काढल्या आणि भारतात निघालेल्या भाचीबरोबर पाठवल्या.

आईनं त्या अंगणातल्या उन्हात नेल्या म्हणे. बराच वेळ पाहिल्या. मग फोन. "पोपटी नव्हे गं, शेवाळीही नव्हे. ही मधली, कच्च्या कैरीच्या सालीसारखी. तुझ्या आजीनं महाद्वार रोडवरून आणली होती. तिच्यासाठी तिनं आपली एक बांगडी मोडली, हे तुला कधी सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. मैत्रिणींनो, मॉनिटर सावकाश घ्या. पण घरातले जुने फोटो आईबाबांसमोर लवकर ठेवा.