धीराचा तास

धीर हा वर्गात शिकवण्याचा विषय असेल, असे मला कधी वाटले नव्हते. परीक्षेच्या दिवशी रडवेल्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवायचा, एवढीच या बाबतीत आम्हां शिक्षिकांची विद्या! त्यामुळे मेडिकलला गेलेली माझी भाची जेव्हा म्हणाली, "मावशी, ताण कसा सोसायचा याचेसुद्धा आम्हाला तास होते गं," तेव्हा मला हसूच आले.

ती मात्र गंभीर होती. २०१९ साली एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, त्याच्या आरंभीच हे पाठ घातले आहेत. वेळ कसा आखावा, ताण कसा ओळखावा, रुग्णाशी त्याच्या बोलीत कसे बोलावे, शिवाय खेळही!

हा विचार तसा जुनाच. १८८९ साली फिलाडेल्फियात विल्यम ऑस्लर यांनी नव्या डॉक्टरांना हेच बजावले होते, की चित्त ढळू देऊ नका आणि चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. खरेच आहे ते. डॉक्टरच्या कपाळावर आठी दिसली, की खाटेवरच्या माणसाचा अर्धा जीव जातो. पण चेहऱ्यामागे दडवलेले दुःख मग जाते कुठे?

याचे एक उत्तर लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये निघाले. १९५० च्या सुमारास मायकेल आणि एनिड बालिंट हे पतिपत्नी तेथे डॉक्टरांना एकत्र बसवीत आणि एकेका रुग्णाविषयी मोकळेपणाने बोलते करीत. पुढे अशी मंडळे वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठीही निघाली.

माझ्या भाचीला हे नाव ठाऊक नव्हते. अनुभव मात्र आला. इंटर्नशिपमध्ये एका रात्री तिच्या डोळ्यांदेखत एक म्हातारी गेली. सकाळी वॉर्ड नेहमीसारखा सुरू झाला. कोणी काही विचारले नाही. दुपारी एका वडीलधाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला चहाला नेले आणि म्हटले, "आजी कशा होत्या, सांग मला." ती सांगत गेली, रडली, आणि तोंड धुऊन कामाला लागली.

तासाला शिकलेली बाराखडी अशा वेळी उपयोगी पडते. पण ऐकणारे कोणी हवे. आणि झोपही हवी! रात्र रात्र जागवून सकाळी प्राणायाम शिकवणे म्हणजे माणसाला तव्यावर बसवून पंख्याने वारा घालणे.

तुमच्याही घरी दिवाळीला एखादी डॉक्टर होऊ घातलेली लेक येईल. तिला गुण विचारू नका. चकलीची बशी पुढे करा, आणि झोप होते का, एवढेच विचारा. मग ती बोलू लागली, तर मध्ये बोलू नका.