हरण्या

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच.

२०२० च्या श्रावणात रावेर तालुक्यातून नानांचा (धाकटे काका) फोन आला. "केळीची पानं पट्ट्यापट्ट्यांनी पिवळी पडताहेत भो. तू शिकवतोस ना हे सगळं, ये बघायला." मी धुळ्यात जीवशास्त्र शिकवतो, म्हणून घरात मी 'त्यातला माणूस' :) ई-पास काढून गेलो. ढगाळ हवा, दोन महिन्यांची टिश्यूची रोपं, पानांवर तुटक पिवळे पट्टे. पुस्तकातला कुकुंबर मोझॅक व्हायरस, आमच्याकडचा हरण्या. त्या वर्षी रावेर-यावलच्या बऱ्याच बागांत तो होता.

"मंग औषध सांग," नाना म्हणाले.

औषध नाही. का नाही, यावर मी बांधावरच तास घेतला. झाडाच्या पेशीत आर्गोनॉट नावाचं एन्झाइम असतं. (१९९८ साली ज्या रोपावरून ते नाव पडलं त्याची पानं म्हणे आर्गोनॉटा नावाच्या ऑक्टोपससारखी दिसायची.) विषाणूच्याच आरएनएचा बारीक तुकडा ते नमुना म्हणून धरतं आणि त्याच्याशी जुळणारा आरएनए सापडला की कापतं. विषाणूही वस्ताद. तो 'टू-बी' नावाचं एक छोटंसं प्रथिन बनवतो आणि ते नेमकं आर्गोनॉटच्या दोन जागांना बिलगतं, नमुना धरायच्या आणि कापायच्या. म्हणजे कात्री शाबूत, पण पात्यांत चिंधी. उलट विषाणूच्या स्वतःच्या नकला काढणाऱ्या एन्झाइमचे 'वन-ए' आणि 'टू-ए' हे भाग पेशीतल्या एवढ्या गर्दीत एकमेकांना बरोबर शोधतात! हे बहुतेक मोहरीच्या कुळातल्या एका तणावर आणि तंबाखूवर अभ्यासलेलं आहे, केळीवर फार थोडं. असो.

नानांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पण हा येतो कुठून?"

मावा आणतो. काकडी, मिरची, टोमॅटोवरून. मिनिटभर सोंड खुपसली तरी पुरते, त्यामुळे फवारणी करून मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं.

हे सांगताना माझं लक्ष बांधाकडे गेलं. काकडीच्या दोन ओळी. होळीला गेलो होतो तेव्हा "जागा मोकळी कशाला ठेवता नाना" म्हणणारा मीच. नानांनीही तिकडे पाहिलं. बोलले काही नाहीत. मी रोगाचं नाव घेतलं तेव्हाच त्यांना कळलं असावं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी रोगट रोपं उपटून लांब नेऊन पुरली. काकडीचे वेल मी काढले. त्यांना नुकती फुलं आली होती.