रोहितला, पैसे भरण्याआधी

सांगली

चि. रोहित,


तू पाठवलेली जाहिरात चष्मा पुसून दोनदा वाचली. एकवीस दिवसांत पॅनिक अटॅकमधून कायमची सुटका, शिवाय पैसे हप्त्याने भरायची सोय. 'भरू का?' असं विचारलंयस. तुझी आई 'भर' म्हणाली असती. मी इतकी वर्षं दवाखाना चालवला, त्यामुळे कायमच्या सुटकेची हमी देणारा माणूस दिसला की माझा हात आपोआप पर्सवर जातो.

पण उलट टोकाला जाऊन 'हे सगळं थोतांड' असंही मी म्हणणार नाही. या दुखण्यात माणसाला स्वतःचं स्वतः बरंच करता येतं. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांतही सौम्य आणि मध्यम त्रासासाठी स्वमदतीची पुस्तकं सुचवली आहेत. फक्त पुस्तक कुठलं आणि ते तुझ्याकडून काय करून घेतं, हे पाहायचं.

क्लेअर वीक्स हे नाव तू ऐकलं नसशील. सिडनीची बाई, १९०३ सालचा जन्म. मूळची प्राणिशास्त्रज्ञ, पिल्लांना जन्म देणाऱ्या सरड्यांवर संशोधन केलेली. विशीत असताना तिला क्षय झाल्याचं सांगून सॅनटोरियममध्ये ठेवलं. निदान चुकीचं होतं. पण तिथून ती बाहेर आली ती धडधडणारी छाती घेऊन, आणि ती धडधड काही केल्या जाईना. पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या एका मित्राने तिला सांगितलं, की खंदकात आमचंही असंच व्हायचं. तू धडधडीला घाबरतेस म्हणून ती चालू राहते. कुणा प्राध्यापकाला नाही, एका सैनिकाला हे ठाऊक होतं, याची मला अजून गंमत वाटते. पुढे चाळिशी ओलांडल्यावर ती डॉक्टर झाली आणि १९६२ साली, साठीला टेकलेली असताना, तिने सामान्य माणसासाठी स्वमदतीचं पुस्तक लिहिलं. घराबाहेर पडूच न शकणाऱ्या रुग्णांना ती स्वतःच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका पोस्टाने पाठवायची.

तिचं म्हणणं असं, की भीती दोन असतात. पहिली शरीराची, ती अचानक उसळते, तिच्यावर आपला ताबा नाही. दुसरी आपण वरून घालतो: बापरे, हे काय होतंय, आता मी पडणार, लोक बघणार. ही दुसरी बंद केली की पहिली आपोआप ओसरते. म्हणून सामोरं जा, येतंय ते येऊ दे, त्यावर तरंगत राहा आणि वेळ जाऊ दे. झगडू नकोस.

आता तुझ्या शरीरात काय होतं ते ऐक. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात पळतं. तू भराभरा श्वास घेतोस, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत हे शिखरावर पोचतं आणि उतरू लागतं. चक्कर येऊन पडेन असं तुला वाटतं, पण त्या वेळी रक्तदाब सहसा वाढलेला असतो, म्हणून माणूस क्वचितच पडतो. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं नीट आलंय, तेव्हा हे तुला खुशाल मानता येईल.

आता माझा खरा आक्षेप. त्या जाहिरातीत श्वास आहे, मंद संगीत आहे, अटॅक आला की ऐकायची फीत आहे. लोकल मात्र कुठेच नाही. तू आधीच लोकलमध्ये पाण्याची बाटली हातात धरून दारापाशी उभा राहायचास, दर मिनिटाला घड्याळात नाडी बघायचास, आणि आता तर डोंबिवलीहून लोकलने जाणंच सोडलंयस. त्या फितीने या यादीत आणखी एका कुबडीची भर पडेल. अटॅक फितीमुळे टळला असं मन धरून बसेल आणि मोबाइलची बॅटरी उतरली की पुन्हा जीव घाबरा होईल.

चांगला कार्यक्रम तुला मुद्दाम धडधड आणायला लावतो. जिने भराभर चढ, खुर्चीत गोल फिर, स्ट्रॉमधून श्वास घे, आणि मग काहीही न करता बसून राहा. अमेरिकेत डेव्हिड बार्लो यांनी बसवलेल्या उपचारात हे व्यायाम असतात. त्यांनी शरीर शिकतं, की धडधड म्हणजे मरण नव्हे. मग गाडी: रविवारी दुपारी धीम्या लोकलने आधी दिवा स्टेशनपर्यंत, ते सवयीचं झालं की ठाण्यापर्यंत, नंतर सकाळच्या गर्दीत. बाटली घरी. अटॅक आलाच तर पुढच्या स्टेशनला उतरायचं नाही, तो ओसरेपर्यंत बसायचं. भीती वाटत असतानाच गाडीत बसायचंय; ती जाईल मग बसू, असं म्हणालास तर घरीच राहशील.

एकट्याने सुरू केलेलं असं काम अर्धवट सुटतं, हा माझा दवाखान्यातला अनुभव. अधूनमधून विचारणारं कुणी असेल तर टिकतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, तुझ्यापासून लांब नाही. फोनवरच बोलायचं असेल तर सरकारच्या टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलणारंही मिळतं.

दोन गोष्टी मात्र पुस्तकावर सोडू नकोस. जगणं नको वाटू लागलं, किंवा भीती दाबायला दारू लागायला लागली, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. छातीत दाबल्यासारखं होऊन कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर पॅनिक समजून घरी बसू नकोस, थेट इस्पितळ गाठ. आणि झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नकोस. त्यांची सवय लागते.

पैसे भरू नकोस. त्यातले थोडे खर्चून लोकलचा पास काढ आणि येत्या रविवारी दिव्याला जाऊन ये.

तुझी,
आत्या