पाय न घसरणारी फरशी

आमच्या घरात दोन कुत्री आहेत असं कळलं की लोक दोन प्रश्न विचारतात. मुसलमानाच्या घरात कुत्रं चालतं का, हा पहिला. आणि मग घर स्वच्छ कसं ठेवता, हा दुसरा. गेल्या उन्हाळ्यात बाहेरच्या खोलीची फरशी बदलायची वेळ आली, तेव्हा हे दोन्ही प्रश्न एकाच जागी येऊन भेटले. ज्या जमिनीवर कुत्री लोळतात, त्याच जमिनीवर माझी अम्मी जानमाज अंथरते.

सोलापुरातलं हे घर आम्ही जुनं विकत घेतलं. आधीच्या मालकांनी बाहेरच्या खोलीत आरशासारखी चकचकीत पांढरी व्हिट्रिफाइड टाइल बसवली होती. मोती तरुण होता तोवर काही वाटलं नाही. तो ११ वर्षांचा झाला, मागचे सांधे धरले, आणि उठताना त्याचे पाय दोन बाजूंना फाकू लागले. मातीत कुत्र्याची नखं रुततात. चकचकीत टाइलवर रुतायला काही नसतंच. एकदोनदा आपटल्यावर तो खोलीत यायचाच बंद झाला. दाराजवळच्या पोत्यावर पडून राहायचा, पाणी प्यायलाही उठत नसे. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो, पण आधी त्याच्या पायाखालची जमीन बदला."

अम्मीनं सत्तरी ओलांडली आहे. वुजू करून ओल्या पायांनी ती खोलीत यायची ती भिंत धरून. एकदा मोतीकडं बघत म्हणाली, "इसका मेरा एकीच हाल है, बेटा." फरशीच्या दुकानात जाण्याआधी माझा निम्मा विचार त्या वाक्यानं करून टाकला.

सोलापूरकराच्या मनात पहिलं नाव येतं शहाबादीचं. शहाबाद रेल्वेच्या वाटेवरच आहे, आणि आमच्याकडची जुनी घरं याच दगडावर उभी आहेत. पॉलिश न केलेल्या शहाबादीवर पाय घसरत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती गार राहते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून आणि गार जमिनीला पोट टेकून अंग निववतं. त्यामुळं दगड त्यांच्या सोयीचा. अडचण लघवीची. शहाबादी, कोटा आणि संगमरवर या तिन्हींच्या मुळाशी चुनखडीच. त्यात ओल मुरते, डाग धरतो, आणि तो काढायला अ‍ॅसिड ओतलं तर दगडच खाल्ला जातो. म्हणून आम्ही शहाबादी व्हरांड्यात घातली. तिथं मोरीकडं उतार काढला, बादलीभर पाणी मारलं की उन्हात तासाभरात वाळते.

दुकानदारानं लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट दाखवलं. त्याच्या आत दाबलेल्या लाकडाचा भुसा असतो. सांध्यातून पाणी गेलं की ते फुगतं, मग कडा वर येतात. व्हायनिल पायाला मऊ लागतं आणि पाण्याला दाद देत नाही, पण आमचा शेरू दारावरची बेल वाजली की जागच्या जागी चार पायांनी उकरतो. त्या नखांपुढं स्वस्तातलं व्हायनिल किती टिकणार? गालिचाचं तर नावच नको. त्यात केस, वास आणि गोचीड एकत्र नांदतात.

शेवटी मॅट फिनिशची व्हिट्रिफाइड टाइल घेतली. ती जवळजवळ पाणी पीत नाही, त्यामुळं आत काही मुरत नाही. घसरण्याचा अंदाज देणारा एक आकडा काही टाइलच्या खोक्यावर असतो. आर-९ सगळ्यात कमी पकडीची, आर-१३ सगळ्यात जास्त. आम्ही आर-१० घेतली. फार खरखरीत घेतली तर पोतेरं अडकतं आणि मळ बसतो. आकड्यावर न थांबता मी दुकानातच नमुन्याच्या टाइलवर पाणी ओतलं आणि चप्पल काढून ओला पाय घासून बघितला. दुकानातली पोरं हसली. हसू देत.

खोली १० बाय १२ ची. दोन फुटी टाइल ३० लागतात, तुटफुटीला ३ जादा. टाइलच्या किमतीवर आपण तासभर घासाघीस करतो आणि सांध्यांकडं बघतही नाही. वास धरतो तो सांधा. साधं सिमेंट ओल पितं, इपॉक्सी पीत नाही. इपॉक्सी महाग, शिवाय लवकर घट्ट होतं, म्हणून मिस्त्री कुरकुरतात. तिथं मात्र ऐकू नका. आणि घरात नर कुत्रा असेल तर चार इंचांची पट्टी पुरत नाही. आम्ही भिंतीला फूटभर टाइल चढवली.

रंगावरून घरात वाद झाला. मला करडा ठिपक्यांचा हवा होता, केस दिसत नाहीत म्हणून. अम्मी म्हणाली, दिसले नाहीत तर झाडणार कोण? मोती काळा, फरशी फिकट बदामी. तिचं खरं होतं.

आता पहिला प्रश्न. आम्ही हनफी. आमच्याकडं कुत्र्याची लाळ नापाक, कोरडं अंग नाही. कोकणातले आमचे शाफई भाऊ जास्त कडक आहेत. ओला स्पर्श झाला तर सात वेळा धुणं, त्यातलं एकदा मातीनं. बुखारीत इब्न उमर यांची एक हदीस आहे. पैगंबरांच्या काळी कुत्री मशिदीत ये-जा करत आणि तिथं कुणी पाणीसुद्धा शिंपडत नसे. ती जमीन मातीची होती. जमीन वाळली आणि खूण उरली नाही की ती नमाजासाठी पाक, असं हनफी आलिम सांगतात. म्हणजे लवकर धुता येणारी आणि लवकर वाळणारी फरशी ही अम्मीचीही गरज होती. तरी तिच्या खोलीला आम्ही दगडी उंबरा बसवला. त्यापलीकडं कुत्र्यांनी जायचं नाही, ही तिची अट, आणि दोघंही ती पाळतात.

पुसायला अमोनियाचं काही वापरू नका. त्याचा वास कुत्र्याला लघवीसारखा येतो आणि ते पुन्हा तिथंच जातं. काळं फिनेलही नको, तळवे चाटताना ते पोटात जातं. नखं वेळेवर कापा, तळव्यांमधले केसही. फरशी कितीही चांगली असली तरी केसाळ तळवा घसरतोच.

मोतीचे सांधे बरे झालेले नाहीत, होणारही नाहीत. पण तो आता खोलीत येतो, पंख्याखाली बसतो आणि आपला आपण उठतो. अम्मीनं भिंत सोडली आहे. घर बांधताना किंवा दुरुस्त करताना आपण पाहुण्यांना काय आवडेल ते बघतो. घरातला सगळ्यात म्हातारा जीव कोण, मग तो दोन पायांचा असो की चार, त्याला विचारून फरशी घ्यावी.